दोन्काच्या मुठीतला लाल गोळा

मी बोलतोय तो एका बाईच्या तळहातावरून. शोधू नका, गोळाबिळा काही दिसणार नाही तुम्हाला. अंगठ्याच्या बुडापासून करंगळीपर्यंत पसरलेला लाल डाग दिसतोय ना? तोच मी! काल सकाळपर्यंत चांगला गरगरीत होतो, संत्र्याएवढा, वजनाला भक्कम. आता उरलोय तो असा. पण मला जराही वाईट वाटत नाहीये, उलट कधी एकदा सगळं सांगतो असं झालंय.

बाथ बॉम्ब म्हणतात आमच्या कुळाला. नाव ऐकून दचकू नका, आम्ही कुणाला मारत नाही. टबातल्या कोमट पाण्यात पडलो की फसफसतो, गरगर फिरतो, वास सोडतो, रंग सोडतो आणि संपतो. पाच मिनिटांचा खेळ. पण त्या पाच मिनिटांसाठीच तर जन्म घ्यायचा असतो. असो, नमनाला घडाभर तेल नको. तेलाची गोष्ट तर पुढे येणारच आहे, आणि ती काही हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

मला घडवलं गेंचोनं. वय एकाहत्तर, मिशा पांढऱ्या, स्वभाव हट्टी. चाळीस वर्षं गुलाबाच्या भट्टीवर काढली त्यानं. गावात अत्तराचा थेंब हुंगून तो कुठल्या शेतातला ते सांगणारा हा एकटाच, असं तो स्वतःच सांगतो. त्याची बायको दोन्का. गुलाब खुडण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. मे महिन्यात पहाटे दव असताना दोन्ही हातांनी टपाटपा फुलं तोडायची, आणि बाकीच्या बायकांची पहिली पिशवी भरेपर्यंत हिची दुसरी निम्मी झालेली असायची.

हे सगळं जानेवारीपर्यंत. जानेवारीत ती टबातून बाहेर पडताना घसरली आणि उजवं मनगट मोडलं. गेंचो तेव्हा चौकातल्या खानावळीत पत्ते खेळत होता. घरी निघायच्या वेळी कुणीतरी म्हणालं, एक डाव अजून. तो बसला. त्या एका डावाचा पाऊण तास दोन्का थंड फरशीवर पडून होती.

त्यावर ती त्याला एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. पण तेव्हापासून तिनं न्हाणीघरात पाऊल टाकलं नाही. स्वयंपाकघराचं दार आतून लावायचं, घमेल्यात पाणी घ्यायचं आणि फडक्यानं अंग पुसायचं. मार्चमध्ये प्लास्टर निघालं तर बोटं काठीसारखी ताठ. मूठ मिटेना. डॉक्टर म्हणाला, रोज कोमट पाण्यात हात बुडवून बोटं हलवा, नाहीतर हात असाच राहील. दोन्का घमेल्यात दोन मिनिटं हात घालायची, दुखलं की काढायची. टबाचं नाव काढलं की मान फिरवायची. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकसुद्धा फुंकून पितो. आणि मे तर तोंडावर आलेला. मूठ मिटली नाही तर गुलाब कसे खुडणार? एवढी एकच चिंता त्या घरात होती, आणि ती कुणी बोलून दाखवत नव्हतं.

मग गेंचोच्या डोक्यात आलं, टबच इतका सुंदर करायचा की तिला राहवणारच नाही. प्लोव्दिव शहरात राहणारी त्यांची मुलगी बिसेरा, तिनं फोनवर कृती सांगितली. दोन वाट्या खायचा सोडा, एक वाटी लिंबूसत्त्व, थोडं कॉर्नफ्लोअर, किंचित ओलावा, साच्यात दाबायचं, झालं. सोडा घरात होताच. लिंबूसत्त्वाच्या पुड्या तर फळांच्या बरण्या भरायला आणलेल्या फडताळात पडूनच असतात. साचा नव्हता, तर या पठ्ठ्यानं सूप वाढायचे दोन गोल डाव एकमेकांवर दाबले आणि साचा तयार!

आता माझ्या थोरल्या भावंडांची हकिकत. मी त्यांना पाहिलं नाही, पण गेंचो काम करताना स्वतःशी इतका बडबडतो की मला सगळं तोंडपाठ आहे.

पहिल्या खेपेला त्यानं ओलाव्यासाठी घातलं गुलाबपाणी. बिसेरानं बजावलं होतं की पाणी घालू नका. पण भट्टीवर आयुष्य काढलेल्या माणसाला कुणी गुलाबपाण्याला नाही म्हणावं? त्यानं वाटीभर ओतलं. परात दूध उतू जावं तशी उतू गेली. सोडा आणि लिंबूसत्त्व जागच्या जागी भांडून मोकळे झाले, फेस टेबलावरून खाली आला, आणि त्यात मांजर न्हाऊन निघालं. आमच्या कुळाचं हेच आहे बघा, पाणी लागायचं ते शेवटी. आधी लागलं तर टबात पडेपर्यंत आमच्यात जीव राहत नाही.

दुसऱ्या खेपेला घाबरून त्यानं ओलावाच घातला नाही. डाव उघडले तर आत नुसता भुगा.

तिसऱ्या खेपेला त्यानं सूर्यफुलाचं तेल घातलं, तेही भरपूर. गोळे काय सुरेख वळले म्हणता! दोन्का बाजारात गेलेली असताना हा स्वतःच टबात बसला तपासायला. फसफस उत्तम झाली. उठला, आणि तेलकट टबात पाय असा सरकला की टॉवेलची दांडी धरली ती दांडीच भिंतीतून हातात आली. लागलं नाही कुठं. पण म्हातारा दांडी हातात घेऊन, उघडाबंब, कितीतरी वेळ टबाच्या काठावर बसून राहिला. आपल्या जागी दोन्का असती तर? त्यानं उरलेले सगळे गोळे अंगणात नेऊन फोडले. त्याच दुपारी भिंतीत लोखंडी मूठ ठोकली, टबात खरखरीत रबर अंथरलं, आणि तेलाची बाटली परत फडताळात मागे सारली.

मग ओलाव्याला घालायचं काय? इथं मात्र गेंचोचं डोकं चाललं. तळघरात घरची राकिया होती, आलुबुखाराची दारू, पहिल्या धारेची, काडी लावली तर पेटणारी. काचा पुसायच्या फवाऱ्याची बाटली धुऊन त्यानं त्यात ती भरली. बारीक फवारा मारायचा, हातानं कालवायचं, मुठीत दाबून बघायचं. ओल्या वाळूसारखं बसलं की थांबायचं. दारू उडून जाते, गोळा टणक होतो. फवाऱ्यागणिक एक घोट त्याच्या घशातही जात होता हे मी इथं लपवून ठेवणार नाही.

राहिला रंग. पांढऱ्या गोळ्यावर त्याचं मन बसेना. दोन्काला लाल आवडतो, टवटवीत लाल. गेल्या वर्षीच्या वाळलेल्या पाकळ्या घातल्या तर पाण्यात त्या हिरवट तपकिरी झाल्या, उकळलेल्या चहाच्या चोथ्यासारख्या, आणि मोरी तुंबली ती वेगळीच. बिटाचा रस घातला तर आधी फेस, मग सोड्यानं त्याचा रंग मातकट. बिसेरा म्हणाली, बाबा, साबणात घालायचा रंग पाठवते, सोमवारी मिळेल. पण उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! परवा, म्हणजे बुधवारी दुपारी, त्याची नजर फडताळातल्या त्या लाल पुडीवर पडली.

ती पुडी दोन्काची होती. अंड्यांच्या रंगाची. ईस्टरच्या आधीच्या मोठ्या गुरुवारी घरोघर अंडी रंगवतात, पहिलं अंडं लालच, आणि ते देवाच्या तसबिरीपाशी वर्षभर जपायचं. त्या पुडीला हात लावणं म्हणजे काय हे गेंचोला कळत नव्हतं असं नाही. पण त्यानं मनाची समजूत घातली, की निम्मीच घेऊ. आणि तो स्वतःशी मोठ्यानं म्हणाला, "अंड्याचा रंग व्हिनेगरशिवाय चढत नाही. मी कुठं व्हिनेगर घालतोय?"

अरे देवा, गेंचो! माझ्या पोटात मूठभर लिंबूसत्त्व आहे, ते काय गोड असतं? तेही व्हिनेगरसारखं रंग चढवतंच की!

पण तेव्हा मला तरी कुठं काय ठाऊक होतं. मी नुकता जन्माला येत होतो. बाहेरून त्यानं मला पांढराशुभ्र ठेवला आणि पोटात मधोमध लाल पूड भरली. निम्मी म्हणता म्हणता अख्खी पुडी रिकामी झाली. वर अत्तराचा एकच थेंब, भट्टीवरचा, जपून ठेवलेला. दोन डाव करकचून दाबले, मागून टकटक केलं, आणि मी सुटलो. एक चीर नाही, एक टवका नाही! झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणत त्यानं मला चुलीशेजारच्या फळीवर, वाफेपासून लांब, तिखटाच्या बरणीमागे ठेवलं. मी रात्रभर वाळलो. झोप कसली येतेय? अंगाला पाणी लागेल तेव्हा कसं वाटेल, ती येईल का, येईल का, एवढंच चाललेलं डोक्यात.

कालचा मोठा गुरुवार उजाडला. दोन्कानं डाव्या हातानं अंडी उकडायला ठेवली. गेंचोनं मला गुपचूप खिशात घातलं, न्हाणीघरात गेला आणि टब भरायला लागला. तिला काय सांगून बोलवायचं ते त्यानं अजून ठरवलेलंच नव्हतं. ठरवायची गरज पडली नाही. स्वयंपाकघरातून फडताळाची दारं आपटल्याचा आवाज आला, मग बरण्या सरकवल्याचा, आणि मग पावलं. तरातरा, थेट आमच्याकडे. तीन महिन्यांत न ओलांडलेला उंबरा ती रागाच्या भरात ओलांडून आत आली, आणि आपण कुठं उभ्या आहोत हे तिच्या ध्यानातही आलं नाही.

"माझा लाल कुठाय?"

गेंचोनं मला पुढं केलं.

"हा काय आहे?"

"ह्याच्या पोटात आहे," तो म्हणाला. आणि मग त्याला थांबताच येईना. गुलाबपाणी, तेल, दांडी, राकिया, सगळं सांगितलं त्यानं. शेवटी मान खाली घालून म्हणाला, "त्या दिवशी मी एक डाव जास्त खेळलो, दोन्का. म्हणून हे."

तिनं भिंतीतली नवी लोखंडी मूठ पाहिली, रबर पाहिलं. गावातल्या दुकानात लाल रंग आदल्या दिवशीच संपलाय हे दोघांनाही माहीत होतं. मग ती स्टूल ओढून टबाशेजारी बसली.

"दे इकडं. माझा रंग माझा मी बाहेर काढते."

तिनं मला उजव्या हातात घेतलं. घेतलं म्हणजे काय, ताठ बोटांवर मी कसाबसा टेकलो होतो, तिला डाव्या हाताचा आधार द्यावा लागला. आणि तिनं हात पाण्यात बुडवला.

काय सांगू तुम्हाला! ज्याच्यासाठी जन्मलो ते आलं. माझ्या अंगाअंगातून बुडबुडे उठले, मी थरथरलो, सुसाट सुटायला बघायला लागलो. आणि सुटू नये म्हणून तिनं बोटं आवळली. थोडीशीच. दुखलं तिला, मला कळलं, पण मी निसटत होतो आणि आत तिचा लाल होता. मी जरा लहान झालो, तिनं जरा आवळलं. मी आणखी लहान झालो, तिनं आणखी आवळलं. मी लिंबाएवढा झालो तेव्हा पोट फुटलं आणि लाल धार सुटली, तिच्या बोटांमधून, मनगटावरून, टबभर. मी अक्रोडाएवढा, मग सुपारीएवढा. मग एक खडा. मी संपत चाललो होतो आणि मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, अगं बघ, बघ तुझ्या हाताकडे!

मी उरलो नाही तेव्हा तिची मूठ पुरती मिटलेली होती.

गेंचोनं आधी पाहिलं. तो नुसता बोट दाखवत राहिला. दोन्कानं हात पाण्याबाहेर काढला, मूठ उघडली, मिटली, परत उघडली. तळवा लालभडक. साबणानं घासला तरी जाईना. घासून घासून ती हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. मग उठली, स्वयंपाकघरातून एक गरम अंडं घेऊन आली. त्या ओल्या लाल तळव्यावर ठेवून तिनं बोटं मिटली आणि सावकाश फिरवलं. अंडं रंगलं, सगळीकडून सारखं नाही, कुठं गडद, कुठं गुलाबी, एका बाजूला तर तिच्या बोटांचे ठसेच. पण लाल, आणि वर्षाचं पहिलं. ते तिनं गेंचोच्या दोन्ही गालांवर फिरवलं, मुलांच्या गालांवर फिरवतात तसं, गाल लाल आणि तब्येत ठणठणीत राहावी म्हणून.

आणि मग, लाल गालांचा म्हातारा तसाच उभा असताना, ती टबाकडे वळून म्हणाली, "आता बाहेर जा. दार उघडंच ठेव. आणि आज पत्ते नकोत."

तो दाराबाहेर जमिनीवर बसला. आतून पाण्याचा आवाज येत होता. ती टबात पुरा पाऊण तास होती, आणि तो जागचा हलला नाही.

माझं आता फार राहिलेलं नाही. चार दिवसांत या तळव्यावरून मी उडून जाईन, मेमधले गुलाब बघायला मी नसेन. हा हात मात्र असेल. कालपासून ती येता-जाता मूठ मिटून बघतेय, आणि दरवेळी मीच तिच्या मुठीत असतो. शिवाय तसबिरीपाशी ते अंडं आहेच, त्याच्यावर मी पुढच्या मोठ्या गुरुवारपर्यंत निवांत बसणार.

जाता जाता एकच सांगणं. आमच्यातला कुणी तुमच्या घरी आला तर शोभेला काचेच्या कपाटात ठेवू नका. हवेतली ओल लागून आम्ही तिथं फुगतो, भेगाळतो आणि फुकट जातो. लगेच पाण्यात सोडा. आणि सोडण्याआधी घटकाभर मुठीत धरा.