शिक्क्यापुढची रिकामी रेघ

मित्रांनो, माझ्या तोंडावरची अक्षरे उलटी आहेत म्हणून मला हसू नका. कागदावर तोंडघशी पडलो की ती सुलट होतात. मी एक जुना रबरी शिक्का आहे. इंग्लंडमधल्या यॉर्कशरच्या डोंगरातल्या स्केलबेक गावच्या दवाखान्यात माझे सारे आयुष्य गेले. माझ्या अंगावर एवढेच कोरले आहे: 'वगळले. कारण:' आणि त्यापुढे एक लांब रेघ. मला घडवणाऱ्याने ती रेघ इतकी लांब का ठेवली, हे मला फार उशिरा कळले.

मी कामाला लागलो तेव्हा डॉक्टरांना सरकारकडून नुकतेच गुण मिळू लागले होते, अगदी शाळेतल्यासारखे. रक्तदाबाच्या शंभर रोग्यांपैकी किती जणांचा आकडा दीडशेच्या खाली आहे, ते मोजायचे. पण काही माणसांना या मापात बसवणे अन्यायाचे असते. कुणाला औषध सोसत नाही, कुणी नको म्हणतो, कुणी तीन पत्रे पाठवूनही येत नाही. अशांना मोजणीतून वगळायची मुभा होती आणि ते काम माझे होते.

व्यवस्थापक ग्लेनिसबाई माझ्यावर भारी खूश होत्या. मार्चअखेर जवळ आला की मला शाईत बुडवून त्या धडाधड कागदांवर आपटत. मलाही चेव येई. खोटे कशाला बोलू, मी तेव्हा फुशारलो होतो. एका मार्चमध्ये त्यांनी तिन्ही पत्रे एकाच आठवड्यात धाडली आणि उत्तर नाही म्हणून एक्केचाळीस जणांना वगळून टाकले. कारणाची रेघ एकाही कागदावर भरली नाही. सरकारकडून तपासणीला आलेल्या बाईंनी तो गठ्ठा चाळला, चष्मा काढला आणि विचारले, "ही माणसं सुट्टीवर गेली असतील तर?" दवाखान्याची नाचक्की झाली. ग्लेनिसबाईंनी कानाला खडा लावला आणि मला बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात कोंडले. यापुढे कुणालाही वगळायचे नाही, असे त्यांनी सर्वांना बजावले.

डब्यात मी दोन वर्षे काढली. शाई सुकली, रबराला भेगा पडल्या. बाहेरचे बोलणे मात्र ऐकू येई. मिसेस ओल्ड्रॉइडचे नाव वारंवार कानावर पडू लागले. वय अठ्ठ्याऐंशी, टेकडीवरच्या घरात एकट्या राहणाऱ्या. त्यांचा आकडा दीडशेखाली येईना, म्हणून दुसरी गोळी आली, मग तिसरी. आकडा अखेर उतरला आणि ग्लेनिसबाईंनी समाधानाने यादीत बरोबरची खूण केली. पुढच्याच आठवड्यात चहाचे आधण ठेवायला उठताना मिसेस ओल्ड्रॉइडना चक्कर आली आणि पडून मनगट मोडले. भाचीने सांगितले, आणखी एकदा पडलात की वृद्धाश्रम.

हे ऐकून तरुण डॉक्टर हेस्केथबाई डब्याजवळ आल्या आणि शिक्का मागू लागल्या.

"परत तो डबा उघडायचा?" ग्लेनिसबाई म्हणाल्या. "मागच्या वेळी आपल्याला लबाड ठरवलं होतं."

"मागच्या वेळी रेघ रिकामी होती. या वेळी ती मी भरते."

झाकण उघडले. कितीतरी दिवसांनी उजेड पाहिला, पण मला आनंद नव्हता, धाकधूक होती. पुन्हा माझ्या हातून कुणाचे वाईट तर होणार नाही?

मिसेस ओल्ड्रॉइड प्लास्टरचा हात मांडीवर ठेवून समोर बसल्या होत्या. डॉक्टरांनी मला कागदावर टेकवले. बाईंनी मान वाकडी करून वाचले आणि त्यांचा चेहरा उतरला.

"वगळले? म्हणजे माझं नाव काढलंस का गं पोरी? पन्नास वर्षं येतेय मी इथं."

मित्रांनो, त्या क्षणी मला माझ्याच अक्षरांची लाज वाटली.

डॉक्टरांनी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली. "नाव कुठेही जात नाही, मिसेस ओल्ड्रॉइड. आमच्या गुणांच्या हिशेबातून तुम्हाला बाहेर काढतेय. तुमच्या आकड्यापायी मी तुम्हाला पाडलं. आता दोन गोळ्या हळूहळू कमी करू आणि दर महिन्याला मी घरी येऊन तपासेन. तुमची हरकत नसेल तरच."

बाईंनी विचारले, "आकडा वाढला तर?"

"थोडा वाढेल. त्यात धोका आहेच. पण पुन्हा पडण्यात तो जास्त आहे, असं मला वाटतं."

"मग लिही की. मला माझा चहा उभं राहून करायचाय, असं लिही."

डॉक्टरांनी खरोखर तसेच लिहिले. चक्कर, मोडलेले मनगट, दोघींनी मिळून घेतलेला निर्णय आणि शेवटी चहा. ती लांब रेघ पहिल्यांदाच काठोकाठ भरली. माझा जीव भांड्यात पडला.

पुढच्या वर्षी त्याच तपासनीस बाई आल्या. त्यांनी मिसेस ओल्ड्रॉइडचा कागद सावकाश वाचला, "हे बरोबर आहे," म्हणाल्या आणि पुढचा कागद घेतला. त्या जाताच ग्लेनिसबाईंनी ते एक्केचाळीस जुने कागद काढले आणि एकेकाला फोन करायला घेतला. निम्मे लोक म्हणाले, आम्हाला कुणी नीट विचारलेच नव्हते.

आता मी डब्यात नसतो, टेबलावर असतो. फारसा वापरत नाहीत मला आणि तेच बरे. मित्रांनो, कधी कुणाला बाजूला ठेवायची वेळ तुमच्यावर आली, तर आधी त्या माणसाशी बोला आणि कारणाची रेघ भरा. परवा डॉक्टर टेकडीवरून परतल्या, तेव्हा त्यांच्या वहीवर चहाच्या कपाचा ओला गोल उमटला होता. मिसेस ओल्ड्रॉइडनी तो कप स्वतः उठून भरला होता.