घरातून की जगातून?

नावाजलेल्या लेखकाची थोरली बहीण शिवणकाम करायची. त्याच्या नव्या मालिकेचा पहिला भाग लागला आणि दुसऱ्या दिवशी तिच्या दुकानात तोच विषय. एक बाई म्हणाली, नायिका घर सोडून गेली. दुसरी म्हणाली, "छे! ती मेलीय, म्हणून तर तिच्याशी कुणी बोलत नव्हतं. ताई, तुम्हाला ठाऊक असेलच!"

ताईने भाग दोनदा पाहिला होता, तरी सगळा डोक्यावरून गेला होता. तिने भावाला फोन लावला.

"अरे, ती बाई घरातून गेली की जगातून?"

"तुला काय वाटलं?"

"कळलं असतं तर तुला कशाला विचारलं असतं?"

"खरं सांगू, ताई? मलाही नक्की ठरवता आलं नाही."

दोघी तिच्या तोंडाकडे बघत होत्या.

"बघत राहा म्हणतो," ती म्हणाली आणि बाहीचं माप भलत्याच बाईच्या हाताचं घेऊ लागली.