काळ्या लाखेचं पत्र

मी अक्रोडाच्या लाकडाची पेटी बोलतेय. मांडीवर घ्यावी, झाकण उघडावं आणि त्यावरच पत्र लिहावं, अशी. पोटात कागद, पिसाच्या लेखण्या, शाईची दौत आणि एक चोरकप्पा. तो कप्पा नसता तर बरं झालं असतं, असं मला आता वाटतं.

अमेरिकेच्या पूर्वेला कनेटिकट आहे, तिथल्या एका सुतारानं मला आपल्या जावयासाठी घडवलं. जावई म्हणजे ऑरिन टिस्डेल, माणसांचे चेहरे रंगवून पोट भरणारा. "पोरगी दिली, पेटी दिली. दोन्ही नीट सांभाळ," म्हातारा म्हणाला. त्यानं मला सांभाळलं.

पूर्वेकडे चित्रकार उदंड झालेले, म्हणून तो मला घेऊन मिसुरी नदीकाठी आला. मागे बायको लविनिया आणि तीन वर्षांची हेप्सी. "दोन वर्षांत परततो," म्हणाला होता. दोनाची सहा झाली.

गिऱ्हाइकांची पत्रं काय एकेक! एका गिरणीवाल्यानं लिहिलं, "माझं नाक रंगवलंत की बटाटा? बायको हुबेहूब म्हणते, म्हणूनच तर राग येतो." एका बाईला जन्मात न घातलेली लेसची टोपी चित्रात हवी होती. ऑरिन सगळ्यांना पान पान भरून गोड उत्तरं लिही, आणि घरी चार ओळी. नदीला पाणी कमी आहे. तब्येत ठीक. पुढच्या वसंतात येतो.

लविनिया काही कमी नव्हती. "अहो, परक्या बायकांच्या टोप्या चार चार दिवस न्याहाळता, आणि आमच्या वाट्याला चार ओळी?" ते वाचून तो हसायचा. मग बराच वेळ माझ्या झाकणावर हात ठेवून नुसता बसायचा. त्याला करमत नव्हतं, पण ते लिहायची लाज वाटत होती.

सहाव्या वर्षी पानगळीत पत्र आलं, हेप्सीचा ताप उतरत नाही. मग नदी गोठली, आगबोटी थांबल्या, टपाल बंद. मार्चमध्ये बर्फ फुटलं आणि पहिल्याच बोटीनं लविनियाचं पत्र आलं. घडीवर काळी लाख होती.

आमच्याकडं पत्र बंद करायची लाल लाख रोजची, काळी सुतकाची. काळी दिसली की घरात कुणी गेलं, हे शेंबड्या पोरालाही कळतं.

ऑरिननं ते उघडलं नाही. माझ्या चोरकप्प्यात ठेवलं. उघडलं नाही तोवर पोर मेली नाही, असं त्यानं मनाशी धरलं. वेडा कुठला! पुढं लविनियाची आणखी दोन पत्रं आली. एकात हेप्सीचं दुखणं असणार, दुसऱ्यात तिचं दफन, असं धरून त्यानं ती घेतलीच नाहीत.

"बायकोचं अक्षर आहे हो," टपालवाला म्हणाला.

"म्हणूनच परत पाठवा."

दोन वर्षं आम्ही गावोगाव फिरलो. तो दुसऱ्यांच्या मुली रंगवत राहिला. पत्र माझ्या पोटात होतं, पण घडीच्या आतलं मला कुठं दिसतंय? दिसलं असतं तरी लाकडाला कुठं ओरडता येतं?

शेवटी एका खाणावळीची मालकीण, केझाया ब्रॅटन, चित्रासाठी बसली. विधवा, तोंडानं फटकळ. पिठामिठाची यादी लिहायला म्हणून तिनं मला उघडलं, लेखणी शोधताना चोरकप्पा सरकला.

"चित्रकारबुवा, हे काय? अजून उघडलं नाहीत?"

"माझी मुलगी आहे त्यात," ऑरिन म्हणाला.

"मी तीन पुरल्यात, बुवा. रोज त्यांची नावं घेते. तुम्ही तर तिच्यासाठी रडलासुद्धा नाहीत. उघडा, नाहीतर मी उघडते."

त्यानं पाठ फिरवली. केझायानं लाख फोडली आणि मोठ्यानं वाचू लागली. "अहो, लाल लाख संपली, आईच्या सुतकातली काळी उरली होती तीच लावली. घाबरू नका."

"अगं बाई!" केझायानं कपाळावर हात मारला. "हे आत लिहून काय उपयोग?"

पुढं होतं, हेप्सी खडखडीत बरी आहे. मे महिन्यात तिचा मामा तुमच्याकडं सेंट लुईसला येतोय, तीही हट्टानं निघालीय. दहा दिवस धक्क्यावर वाट बघतील. तिथं जा आणि तिला घेऊन घरी या.

"जिवंत आहे! केझायाबाई, जिवंत आहे!" ऑरिन हसत होता, रडत होता. मग त्यानं तिच्या हातातून पत्र घेतलं आणि वरची तारीख पाहिली.

त्याच दिवशी त्यानं आठ पानं लिहिली, काही न लपवता. उत्तर आलं ते हेप्सीच्या हातचं.

"टिस्डेल साहेबांस. आई लिहिणार नाही, म्हणून मी लिहिते. मी दहाही दिवस धक्क्यावर उभी होते. तुमचा चेहरा मला आठवत नव्हता, म्हणून बोटीतून उतरणाऱ्या प्रत्येक माणसाकडं बघून मी हसले. कृपा करून आता लिहू नका."

तो दोन दिवस जेवला नाही. मग आरसा मांडून एका कागदावर स्वतःला रंगवायला बसला. जन्मभर लोकांची नाकं लहान केली, सुरकुत्या पुसल्या. स्वतःचं काहीच लपवलं नाही. बसलेले गाल, पांढरी दाढी, सगळं आलं. लिहू नका म्हटलं होतं, म्हणून चिठ्ठीही नाही. चित्र तेवढं माझ्या पोटात ठेवलं आणि मला घेऊन गावी आला.

आता मी लविनियाच्या स्वयंपाकघरात मेजावर आहे. गाडीवान मला ठेवून सांगून गेला, की टिस्डेल साहेब गाडीतळावर बसलेत, बोलावल्याशिवाय येणार नाहीत. आज चौथा दिवस. लविनिया माझ्याकडं बघत नाही. हेप्सी येते, झाकणावर बोट ठेवते आणि काढून घेते.

आताच ती आईला म्हणाली, "ही पेटी गाडीवानाकडं परत देऊन येते."

पोरी, रागाव, शिव्या घाल, हवं तर चुलीत टाक मला. तुझं काही चुकलेलं नाही. पण आधी एकदा उघड गं. न उघडता ठेवलं की काय होतं, ते माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नाही.