राखेत भाजलेला अंबाडा

थायलंडमधल्या कालसिनच्या बाजारात बुआलायची भाजलेल्या मांसाची गाडी होती, पण लोक यायचे ते तिच्या जेओसाठी, मांस बुडवून खायच्या झणझणीत चटणीसाठी. जेओ तिकडे घरोघरी होतो. सुक्या मिरच्या निखाऱ्यावर भाजायच्या, कोरडे तांदूळ लाल भाजून कुटायचे, वर चिंचेचा कोळ, माशाचं खारं पाणी नि ताडगूळ. बुआलाय मात्र चिंचेऐवजी अंबाड्याचं आंबट फळ राखेत भाजून घालायची. ही तिच्या आईची रीत. ती तिनं एकाच माणसाला शिकवली होती, नवऱ्याला. तिचं मनगट मोडलं त्या उन्हाळ्यात प्रायुननं कुरकुरत कुटलं, आणि तिचा हात बरा झाल्यावर बत्त्याला पुन्हा शिवला नाही.

"बायकांची कामं बायकांनी करावीत," म्हणायचा आणि वासरं विकत घ्यायला आठवडा आठवडा बाहेर राहायचा.

एकदा चुलतबहिणीच्या मुलाच्या भिक्खू-दीक्षेला बुआलाय रोई-एतला गेली. अंथरुणावरच्या सासूला भरवायचं काम शेजारणीवर सोपवलं होतं. परतताना बस चुकली. स्टँडसमोर एका मांसाच्या गाडीचा धूर दिसला, पोटात कावळे कोकलत होते, म्हणून ती बाकावर टेकली. पहिला तुकडा जेओत बुडवून तोंडात टाकला आणि ती चावायचीच थांबली.

"तिखट लागलं का, ताई?" तरणी गाडीवाली हसली.

"नाही. कुणी केलंय?"

"आमच्या ह्यांनी. मला दिवस गेल्यापासून खलाला हात लावू देत नाहीत. म्हणतात, तू नुसती बसून राहा."

मागून बत्त्याचा आवाज येत होता. बुआलायनं उठून पडदा सारला. प्रायुन उकिडवा बसून, गुणगुणत मिरच्या कुटत होता.

"अहो," ती म्हणाली, "इथं कुणाचं मनगट मोडलं?"

बत्ता हवेतच राहिला. "तू... इथं कशी?"

"वासरं बघायला आले."

"ताई, तुम्ही ह्यांना ओळखता?" पोरीचा चेहरा उतरला होता. तिला काहीच ठाऊक नव्हतं. ओठांवर आलेल्या शिव्या बुआलायनं गिळल्या.

"त्यालाच विचार, बाई."

तो स्टँडपर्यंत मागं मागं आला. "ऐक तरी. घरी आलो की सगळं सांगतो."

"कुणाच्या घरी येणार आहेस तू?"

लग्न झाल्यापासून तिनं त्याला कधी 'तू' म्हटलं नव्हतं. तो तिथंच थबकला.

घरी पोचल्यावर ती सासूच्या उशाशी बसली आणि रडत रडत सगळं सांगून मोकळी झाली. म्हातारी छताकडे बघत राहिली.

"पोरगी वाईट नाही," शेवटी ती पुटपुटली.

बुआलायचं रडणं थांबलं. "तुम्ही पाहिलीय तिला?"

"आणली होती त्यानं. पाया पडून गेली. तू बाजारात होतीस."

"आई! आणि मला एका शब्दानं सांगितलं नाहीत?"

"सांगितलं असतं तर तू गेली असतीस निघून. मग माझं कुणी केलं असतं?"

 बुआलायला नवऱ्याचा राग आला होता, तो ओळखीचा होता, जगात असं होतंच म्हणून गिळता येईल असा. पण ह्या बाईला ती रोज न्हाऊ घालत होती, तिच्या पाठीला तेल लावत होती.

तिनं नेहमीसारखं सासूला भरवलं, तोंड पुसलं. दुसऱ्या दिवशी म्हातारीच्या कपड्यांचं गाठोडं बांधलं, भाड्याच्या टेम्पोत गादी टाकली आणि तिला थोरल्या दिराच्या दारात पोचवलं.