शेऱ्याचा रकाना

अडतीस वर्षं मी सरकारी दवाखान्यात नोकरी केली आणि त्यातली निम्मी नव्या नर्सेसवर ओरडण्यात घालवली. हा लौकिक ऐकूनच निवृत्तीनंतर नगरच्या एका नर्सिंग ब्युरोने मला सुपरवायझर म्हणून ठेवलं. अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या घरी हा ब्युरो मुली पाठवतो. त्या मुली नीट काम करतात की नाही हे बघणं माझं काम.

ब्युरो रविराजचा. पोरगा चौतिशीचा, गोड बोलणारा, कामाला वाघ. असा ब्युरो काढायला फार काही लागत नाही, एक खोली आणि एक फोन असला की पाटी लागते. म्हणून मी त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं की, बाहेरून कुणी नियम आणून देईल याची वाट बघू नकोस, आपले आपण करू. आणि मी तक्ता तयार केला. दर दोन तासांनी कूस बदलली का, औषध दिलं का, काय खाल्लं, ताप किती, सगळ्याला चौकोन. शेवटी शेऱ्याचा रकाना. दर शनिवारी मुली मोबाईलवर तक्त्याचे फोटो पाठवायच्या, मी प्रिंट काढून खाली ‘तपासले’ लिहून सही ठोकायची. नगरमध्ये असा तक्ता दुसऱ्या कुठल्या ब्युरोत नाही, हे मी येईल त्याला ऐकवायचे. न विचारताही ऐकवायचे.

फेब्रुवारीत रविराजने मला केबिनमध्ये बोलावलं. घोडेगावजवळच्या एका वस्तीवर आमची केस होती. पेशंटचं नाव श्रीमंत आबा, वय अठ्ठ्याहत्तर, लकव्याने उजवी बाजू गेलेली, वाचा गेलेली, वर जुनी शुगर. लकव्यानंतर त्यांना नीट गिळता येत नव्हतं. पातळ काही दिलं की ते अन्ननलिकेऐवजी श्वासनळीत उतरायचं. म्हणून डॉक्टरांनी चहा, ताक, आमटीचं पाणी सगळं बंद केलेलं. साधं पाणीसुद्धा पावडर घालून घट्ट करून चमच्याने. आता आबा न्यूमोनियाने दवाखान्यात होते आणि त्यांचा मुलगा वैजनाथ याने तक्रार केली होती. नागापूरच्या कंपनीतून पाळी संपवून तो घरी आला, तेव्हा आबा खोकून निळे पडले होते आणि आमची मुलगी अश्विनी चहाचा पेला हातात धरून उभी होती.

“मॅडम, रिपोर्ट लिहा,” रविराज म्हणाला. “मग मी तिचं नाव ग्रुपवर टाकतो.”

हा ग्रुप म्हणजे आसपासच्या ब्युरोवाल्यांचा. त्यावर एकदा नाव आलं की त्या मुलीला कुणी दारात उभं करत नाही. अश्विनी पाथर्डीकडची. आईबाप दरवर्षी दिवाळीला कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. लग्नानंतर तिनेही दोन हंगाम डोक्यावरून मोळ्या वाहिल्या, मग आमच्याकडे तीन महिन्यांचं शिक्षण घेऊन ही नोकरी धरली. ही सुटली तर पुन्हा फडातच जायचं होतं.

मी तिला बोलावून घेतलं. पेला तुझ्या हातात होता का, विचारलं. व्हय म्हणाली. चहा तू पाजलास का, विचारलं, तर मान खाली. दोनदा विचारलं, तीनदा विचारलं. माझं डोकं फिरलं. इतकी माणसं शिकवली, पण गुन्हा करून वर मिठाची गुळणी धरून बसणारी मला कधीच सोसली नाही. मी तिला वाट्टेल ते बोलले आणि घरी पाठवलं.

रिपोर्टला तक्ते जोडावे लागतात, म्हणून फाईल काढली. चार आठवड्यांची चार पानं. चौकोन सगळे भरलेले, बरोबरच्या खुणा ओळीने. मी नेहमी तेवढंच बघायची. त्या दिवशी मुलीची चूक शोधायची होती, म्हणून चष्मा पुसून शेऱ्यापर्यंत गेले.

‘दुपारी ४. आजीने चहा पाजला. नको म्हटले. ऐकले नाही.’

आजी म्हणजे आबांची बायको. खाली दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी, ‘चहा पाजला. खोकला आला. मॅडमनी घरी येऊन सांगावे.’ मी मोजले. एकोणीस शेरे होते, त्यातले सहा थेट माझ्या नावाने. आणि चारही पानांखाली माझी सही, ‘तपासले’.

अडतीस वर्षांत औषधाची चूक एकदाही न केलेली बाई मी, आणि माझ्याच तक्त्याने मला उघडं पाडलं होतं. ज्या पोरीला तोंड वर करून बोलू दिलं नाही, तिने एकोणीस वेळा सांगून ठेवलं होतं. जिच्या घरचं खाल्लं, त्या म्हातारीचं नाव तोंडाने घेणं मात्र तिच्याने झालं नव्हतं.

रविराजला पानं दाखवली. तो हुशार, लगेच वाट काढली. मुलगी सुटली, ब्युरो सुटला, लिहून टाका की घरच्यांनीच सूचना पाळल्या नाहीत. कागदावर ते खरंही होतं. पण मला आधी त्या म्हातारीला गाठायचं होतं. सांगूनही ऐकत नाही म्हणजे काय, हा जाब मी तिलाच विचारणार होते. चूक कळली तरी खोड जात नाही माणसाची.

शुक्रवारी निघाले. घोडेगावला जनावरांचा बाजार, रस्त्यावर म्हशींच्या टेम्पोंची रांग, पोचायला दुपार झाली. वैजनाथ दवाखान्यातून डबा न्यायला आला होता. मनकर्णाबाई, म्हणजे आबांच्या मंडळी, ओट्यावर बाजरी निवडत होत्या. मी वैजनाथच्या हातात चारही पानं दिली आणि शेरे वाचायला सांगितले. तो वाचत गेला तसा त्याचा चेहरा उतरत गेला. मग तो आईकडे बघत राहिला.

मी मनकर्णाबाईंना विचारलं, चहा बंद आहे हे माहीत होतं ना?

“व्हय की,” त्या म्हणाल्या. “तुमीच सांगून गेलता. त्यास्नी शुगर हाय म्हनून बंद. मंग मी साखर टाकीतच नव्हते. आपला येगळ्या भांड्यात, बिनसाखरेचा. जन्मभर गोड च्या प्याले, पर ह्यो बी एक घोट मागं ठिवला न्हाई.”

वैजनाथने डोक्याला हात लावला. आणि मला तो पहिला दिवस आठवला. केस लावताना घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवून समजावून सांगायचं, हा नियमही माझाच. त्या दिवशी वैजनाथ पाळीवर निघाला होता. त्याच्या मोटारसायकलपाशी उभं राहून मी त्याला सगळं सांगितलं, श्वासनळी, पावडर, चमचा. मनकर्णाबाईंना जाता जाता म्हटलं, ‘चहा बंद बरं का.’ आणि त्यांच्याच हातचा चहा पिऊन मी नगरची गाडी धरली.

वैजनाथ काहीतरी बोलणार होता, त्याला मी थांबवलं. ओट्यावर बसले आणि मनकर्णाबाईंना सांगितलं, “चहा साखरेमुळे बंद नव्हता. पातळ म्हणून बंद होता. तो त्यांच्या छातीत उतरत होता. हे तुम्हाला सांगायचं काम माझं होतं, आणि मी ते केलं नाही.”

त्यांचा सुपातला हात थांबला. मी रडणं ऐकायची तयारी केली होती, शिव्यांचीही.

“म्हंजी रोज मीच...” एवढं बोलून त्या थांबल्या. मग म्हणाल्या, “त्या पोरीनं माज्या हातातनं पेला वढला. मला वाटलं, लई आगाव हाय. ती त्यास्नी वाचवत हुती व्हय?”

मी हो म्हटलं. वैजनाथ उठून गोठ्याकडे गेला आणि तिकडे तोंड करून उभा राहिला.

त्याच संध्याकाळी रिपोर्ट लिहिला. अश्विनीने एकोणीस वेळा लेखी कळवलं. सुपरवायझरने न वाचता सही केली. सुपरवायझरने घरातल्या बाईंना कारण समजावून सांगितलं नाही. खाली माझं नाव. रविराजने तो दोनदा वाचला आणि मधलं वाक्य तेवढं काढा म्हणाला, असा कागद बाहेर गेला तर उद्या केस कोण देईल? मी म्हटलं, हे वाक्य काढायचं असेल तर माझं नाव ग्रुपवर टाक. कागद तसाच वैजनाथकडे गेला. अश्विनीचं नाव ग्रुपवर गेलं नाही, आणि माझी नोकरीही राहिली, ती का राहिली हे मला अजून कळलेलं नाही.

अकराव्या दिवशी आबा घरी आले ते नाकात नळी घेऊन. आता तोंडाने काहीच द्यायचं नव्हतं, पातळही नाही आणि घट्टही नाही. नळी निघेल का, यावर डॉक्टर काही बोलत नव्हते. मनकर्णाबाईंनी निरोप धाडला की, यायची तर अश्विनीच येऊ द्या.

अश्विनीला ऑफिसात बोलावून मी सगळं सांगितलं. बिनसाखरेच्या चहाचं सांगितलं, रिपोर्ट वाचून दाखवला, त्या दिवशी वाट्टेल ते बोलले त्याबद्दल माफी मागितली. खरं सांगायचं तर ती मला चांगलं म्हणेल असं वाटलं होतं.

तिने पदराने तोंड पुसलं. “मॅडम, तुमी शेरा वाचीत न्हाईत, हे मला पयल्याच आठवड्यात कळलं हुतं,” ती म्हणाली. “तरी लिवत ऱ्हायले. लिवलेलं आसलं म्हंजी माज्यावर काई येनार न्हाई, एवढंच बघितलं मी. आजीपाशी बसून नीट बोलले आसते तर धा मिनटं लागली आसती.”

तक्ता माझा होता, तिने तो माझ्याच शिकवणीप्रमाणे भरला होता, आणि दोघींनी मिळून त्या माणसाच्या नाकात नळी घातली होती. मी तिला घोडेगावच्या गाडीत बसवून दिलं.