कॅप्टनचा हुकूम

"काकू, आज तुमची ड्यूटी तिसऱ्या मजल्यावर. खिडकीजवळच्या खाटेपाशी," असं म्हणत त्या पोरीने माझ्या हातातली ओली चादर काढून घेतली.

मी हसण्यावारी नेलं. इस्पितळाच्या धुलाईखान्यात सगळ्यांच्या ड्यूट्या मी लावते, मला कोण लावणार? पण तिच्या शाळेचा नियमच तसा होता. शेवटच्या वर्षाच्या मुलांना नेतृत्वाचं प्रशिक्षण द्यायचं, महिनाभर कुठेतरी इंटर्नशिपला धाडायचं आणि शेवटच्या शुक्रवारी सगळं खातं त्यांच्या ताब्यात द्यायचं. त्या दिवशी साहेबानेही त्यांचं ऐकायचं. कुणी बँकेत गेलं, कुणी कारखान्यात, आमच्या वाट्याला ही आली. पहिल्याच दिवशी तिने आम्हाला रांगेत उभं करून भाषण ठोकलं, तेव्हापासून बायका तिला कॅप्टन म्हणायच्या. आज तिचा तो शेवटचा शुक्रवार होता.

खिडकीजवळच्या खाटेवर आमचे हे होते. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं की आता थोडेच दिवस. तरी मी फक्त जेवणाच्या सुट्टीत वर जायची, घाईघाईत चार घास खायची आणि खाली पळायची. मी नसले तर मशीनी बंद पडतील, असं सगळ्यांना सांगायची. खरं म्हणजे मला वर बसवत नव्हतं. खाली निदान हाताला काम होतं.

"ऑपरेशनचे हिरवे कपडे कोण पाठवेल?" मी विचारलं.

"मी."

"आणि चुकलीस तर?"

"चुकेन. तुम्ही जा."

तिचे कान लाल झाले होते. घाबरली होती बिचारी, पण हुकूम मागे घेतला नाही. आणि माझ्याच तालमीत तयार झालेल्या बाकीच्या बाया माझ्यासाठी दार उघडं धरून उभ्या राहिल्या, तोंड दाबून हसत.

ह्यांनी विचारलं, आज लवकर कशी? म्हटलं, कामावर आलेय. दुपारपर्यंत मी स्टुलावर नुसती चुळबुळ करत होते. मग चादरींचा गाडा आला. लहान मुलांच्या वॉर्डातल्या पिवळ्या बदकांच्या चादरी कॅप्टनने पुरुषांच्या वॉर्डात धाडल्या होत्या. पांढऱ्या मिशांचे आजोबा एकेक करून बदकांवर आडवे झाले. मी ताडकन उठले. ह्यांनी माझं मनगट धरलं. पकडीत जोर नव्हता, पण सोडवून घ्यावंसं वाटलं नाही.

"बस," हे म्हणाले. "आज तू साधी कामगार आहेस. कॅप्टनचं ऐकायचं."

ह्यांना ठसका लागेपर्यंत आम्ही हसलो. मग ह्यांचा डोळा लागला, तरी मी अंधार पडेपर्यंत उठले नाही.

पुढच्या महिन्यात हे गेले.

शाळेच्या समारोपाला मला बोलावणं आलं. बँकेच्या साहेबांनी त्यांच्याकडच्या मुलाने ग्राहकांच्या रांगा कशा कमी केल्या ते रंगवून सांगितलं. टाळ्या पडल्या. मग कॅप्टन उभी राहिली आणि म्हणाली, माझा दिवस फसला. दोन वॉर्डांच्या चादरींची अदलाबदल झाली, निस्तरायला बायांना उशिरापर्यंत थांबावं लागलं, चूक माझी. मला वर धाडल्याचं तिने चकार शब्दाने सांगितलं नाही. शाळेच्या बाई मान खाली घालून तिचे गुण लिहायला लागल्या. मला राहवलं नाही.

भाषण मला येत नाही. तरी उभी राहिले.

"माझे मालक वर वॉर्डात होते," मी म्हटलं. "त्यांच्याजवळ बसायचा मला धीर होत नव्हता. हिने मला बसवलं. हे उपकार माझ्याने फिटायचे नाहीत."

बाईंनी पेन खाली ठेवलं. हलक्या आवाजात विचारलं, मग तुम्ही दिवसभर काय केलंत?

मी आठवून पाहिलं.

"काही नाही," मी म्हटलं. "हे झोपले होते. मी बसले होते."