भट्टीत भाजलेला शब्द

मित्रांनो, मी एक जुना शब्द आहे. पक्का. संस्कृतात माझे पूर्वज 'पक्व' म्हणून ओळखले जात. पक्व म्हणजे शिजलेले, पिकलेले. चुलीवरचा भात आणि पाडाला आलेला आंबा हे माझे पहिले सोबती. पुढे भाजलेली वीट, न उतरणारा रंग, डांबराचा रस्ता यांनीही मला जवळ केले. शेवटी मी माणसाच्या बोलण्यात आलो. तिथे ना विस्तव होता, ना ऊन. म्हणून तिथेच मी जास्त वेळा कच्चा राहिलो. पुसदच्या स्टँडवर उभा असलेला माणूस फोनवर सांगतो, "नेर गावाले पोचलोच, पक्का!" मला फार लाज वाटते.

पण आर्णीजवळच्या बाबाराव आणि कांताबाई या नवरा-बायकोने मला जपले. त्यांची विटांची छोटी भट्टी आहे. गेल्या पावसात गावातल्याच विमलताईंच्या स्वयंपाकघराची मातीची भिंत बसली. "सोमवारी पक्क्या विटा देतो," असे बाबारावांनी त्यांना सांगितले. तीस वर्षांत त्यांनी सांगितलेला वार चुकला नव्हता.

रविवारी भट्टी उघडली. कांताबाईंनी दोन विटा एकमेकींवर आपटल्या. थप्प. जळणाची पऱ्हाटी, म्हणजे कापसाच्या काड्या, ओली होती; आच वरपर्यंत पोचलीच नव्हती.

"कच्च्या हायेत," त्या म्हणाल्या.

"भिंतीत गेल्यावर कोन वाजवून पाह्यते?"

"पावसाचं पानी पाह्यते ना! भिंत पडली तं चुलीपाशी तुमी बसता का विमलताई?"

बाबारावांनी त्यातली एक वीट उचलून उलटीसुलटी करून पाहिली. मग पायात चपला घालून विमलताईंकडे गेले.

"ताई, उद्या विटा भेटत नाही. कच्च्या निंगाल्या."

"वा बाबारावभाऊ! मिस्त्री येऊन राह्यला उद्या. त्याले का तुमच्या घरी जेवाले पाठवू?"

"पाठवा. पन ह्या विटा म्या देत नाही."

विमलताई रागाने आत गेल्या. पाण्याचा गडवा घेऊन बाहेर आल्या, तोवर राग अर्धा झाला होता. "घ्या, पानी प्या. आता कोनता वार पक्का?"

"विटा वाजल्यावर सांगतो."

मिस्त्री खरोखरच बाबारावांकडे जेवला, आणि दोन भाकरी जास्त खाऊन गेला. वाळलेली पऱ्हाटी आणून भट्टी पुन्हा लावली. नवव्या दिवशी बाबाराव विमलताईंच्या दारात उभे राहिले. त्यांनी दोन विटा एकमेकींवर आपटल्या.

ठण्ण!

विमलताई हसल्या आणि बाजूला सरकल्या. विटा आत गेल्या. त्या दिवशी त्या दारात मला कोणीच उच्चारले नाही, आणि इतक्या वर्षांत माझा एवढा मान कुठे झाला नव्हता.

मित्रांनो, मी म्हातारा झालो, पण अजून कामाचा आहे. मला तोंडातून काढण्याआधी एकदा वाजवून पाहा. थप्प आवाज आला, तर लाजू नका. पुन्हा आचेवर ठेवा.